दोषी माणसांना देवाची पसंती: यात काही तर्क आहे का?

या व्याख्यानमालेत आपण बायबलमधले अवघड प्रश्न अशा रीतीने मांडत आलो आहोत की श्रद्धावंत आणि अश्रद्ध, दोघांनाही त्यावर विचार करता यावा. आजचा प्रश्न फार जुना आहे, आणि तो विचारणारे बहुतेक लोक थट्टा म्हणून विचारत नाहीत. देव पवित्र आहे, न्यायी आहे, असं ज्या ग्रंथात पानोपानी सांगितलंय, त्याच ग्रंथात देवाच्या पसंतीची माणसं अशी कशी?

यादीच बघा. अब्राहाम परमुलखात जीव वाचवण्यासाठी बायकोची ओळख बहीण म्हणून करून देतो. याकोब डोळ्यांनी अधू झालेल्या बापाला फसवून आशीर्वाद लाटतो. मोशे एका मिसऱ्याला ठार करून वाळूत पुरतो. दावीद दुसऱ्याची बायको घेतो आणि मग तिच्या नवऱ्याला मारवतो. पेत्र आपल्या गुरूला ओळखतच नाही म्हणून सांगतो, तेही तीनदा. आणि हीच माणसं पुढे विश्वासाचे आदर्श म्हणून गौरवली जातात.

आता यात दोन शंका आहेत. पहिली तर्काची: असा निवाडा करणारा न्यायाधीश आपल्याकडे असता तर त्याला आपण पक्षपाती म्हटलं असतं की नाही? दुसरी जास्त बोचणारी: ज्यांचं नुकसान झालं त्यांचं काय? दाविदाला क्षमा मिळाली हे ठीक, पण उरीया तर मेलाच ना? आज आपण दोन्ही शंका घेऊ. दुसरी टाळून पहिलीचं उत्तर देणं सोपं आहे, पण ते प्रामाणिक होणार नाही.

आडवाटेची तीन उत्तरं

आधी तीन उत्तरं बाजूला ठेवू. ती जुनी आहेत, आणि मोठमोठ्या माणसांनी दिलेली आहेत.

पहिलं उत्तर: दोष नव्हताच. ताल्मुदच्या शब्बाथ या भागात ५६व्या पानावर एक मत येतं, की दाविदाने पाप केलं असं म्हणणारा चुकतो. कारण काय, तर त्या काळी दाविदाचे सैनिक युद्धावर जाताना बायकोला घटस्फोटाचं पत्र देऊन जात, म्हणजे बथशेबा तांत्रिकदृष्ट्या मोकळी होती. गंमत अशी की याच चर्चेत रव नावाचे पंडित टोला मारतात, की रब्बी स्वतः दाविदाच्या वंशातले, म्हणून त्याच्या बाजूने अर्थ लावतात! म्हणजे ही पळवाट आहे हे परंपरेच्या आतल्या माणसालाही दिसत होतं.

दुसरं उत्तर: देव आहे तो, त्याची मर्जी. त्याला कारण विचारायचं नाही. हे उत्तर नम्र वाटतं खरं, पण त्याने प्रश्न सुटत नाही. कारण नसलेली पसंती आणि लहर यात फरक काय उरतो? आणि बायबलमधला देव तर माणसांना कारण विचारू देतो. सदोमच्या बाबतीत अब्राहाम त्याच्याशी अक्षरशः घासाघीस करतो, पन्नास नीतिमानांपासून दहापर्यंत खाली येतो. साऱ्या जगाच्या न्यायाधीशाने न्यायच केला पाहिजे, हा त्याचा मुद्दा असतो, आणि तो मुद्दा फेटाळला जात नाही.

तिसरं उत्तर: हा ग्रंथच टाकून द्या. दुसऱ्या शतकात मार्सियनने जुन्या कराराचा देव वेगळा आणि खालच्या दर्जाचा ठरवला. पुढे मानीपंथी फाउस्ट याने अब्राहाम, याकोब, दावीद यांची चरित्रं दाखवून विचारलं, की हे तुमचे पूर्वज? त्याला हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने इसवी सन ४००च्या सुमारास सविस्तर उत्तर लिहिलं. त्यातला बाविसावा भाग याच प्रश्नाला वाहिलेला आहे. त्यातली एक गोष्ट आपल्याला पुढे उपयोगी पडेल. ग्रंथाने एखादं कृत्य नोंदवलं, म्हणजे त्याची स्तुती केली असं होत नाही, हा ऑगस्टीनचा मुद्दा आहे.

तर्काला धरून म्हणजे नेमकं काय?

एखादी पसंती तर्काला धरून आहे असं आपण कधी म्हणतो? रोजच्या व्यवहारातून चार कसोट्या काढता येतात. एक, पसंती देणाऱ्याने वस्तुस्थिती लपवलेली नसावी. दोन, पसंतीचं कारण सांगता यावं, आणि ते कारण त्या विषयाशी संबंधित असावं. तीन, सारख्या प्रकरणात सारखा निकाल असावा. आणि चार, तिसऱ्या माणसाचं देणं परस्पर माफ केलेलं नसावं. दुकानदाराचा मित्र माझी उधारी माफ करू शकत नाही, तसंच हे.

या चारही कसोट्या आपण दाविदाच्या आणि इतरांच्या गोष्टींना लावून बघू. पण त्याआधी एका शब्दाकडे लक्ष द्यायला हवं, कारण अर्धा घोटाळा तिथेच आहे.

‘नीतिमान’ या शब्दाचा घोटाळा

मराठी बायबलमध्ये ‘नीतिमान’ आणि ‘नीतिमत्त्व’ हे शब्द येतात. मराठी वाचकाच्या कानावर ‘नीती’ पडली की डोळ्यांसमोर स्वच्छ चारित्र्याचा, कधी खोटं न बोलणारा माणूस उभा राहतो. मग तोच शब्द अब्राहामाला लावला की आपण दचकतो. पण मूळ इब्री शब्दात, म्हणजे ‘त्सदाका’मध्ये, चारित्र्याबरोबर आणखी एक अर्थ आहे: नात्यात, करारात आपल्या वाट्याचं जे आहे ते पाळणं, कोणाची बाजू बरोबर आहे ते ठरणं.

याचा उत्तम नमुना उत्पत्तीच्या ३८व्या अध्यायात आहे. यहूदाची सून तामार विधवा होते. रिवाजाप्रमाणे धाकट्या मुलाशी, शेलाशी, तिचं लग्न लावून देणं यहूदाचं कर्तव्य होतं. तो टाळाटाळ करतो. शेवटी तामार चेहरा झाकून रस्त्याच्या कडेला बसते, यहूदा तिला वेश्या समजतो, आणि ती त्याच्यापासूनच गरोदर राहते. यहूदा आधी तिला जाळून टाकायला सांगतो. तिने ठेवून घेतलेली त्याचीच मुद्रा आणि काठी समोर आल्यावर मात्र तो कबूल करतो, की आपल्यापेक्षा तीच जास्त नीतिमान. त्याने काही तिचं वेषांतर हा सद्गुण ठरवला नाही. तो म्हणतोय ते एवढंच, की या व्यवहारात कर्तव्य मी मोडलं, ती नाही.

हे लक्षात घेतलं की ‘देवाची पसंती’ या एका नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी आपण एकत्र बांधतो हे दिसतं. एक, विशिष्ट कृत्याला मान्यता. दोन, विशिष्ट कामासाठी निवड. तीन, माणसाला नात्यात स्वीकारणं. सर्जनने ऑपरेशन उत्तम केलं म्हणून तो नवरा म्हणून चांगला ठरत नाही, आणि आईने मुलाला घरात घेतलं म्हणून त्याची चोरी मान्य केली असं होत नाही. हे आपल्याला व्यवहारात चांगलं कळतं. बायबल वाचताना मात्र आपण तिन्हींची गल्लत करतो.

दाविदाविषयीचं प्रसिद्ध वर्णन घ्या, देवाच्या मनासारखा माणूस. ते येतं पहिल्या शमुवेलच्या १३व्या अध्यायात, शौलाचं राज्य टिकणार नाही असं सांगताना. तेव्हा दाविदाचा गोष्टीत प्रवेशसुद्धा झालेला नाही! शिवाय त्या इब्री शब्दप्रयोगाचा अर्थ ‘देवाने आपल्या मर्जीने निवडलेला’ असाही लावता येतो, आणि अनेक अभ्यासक तो तसाच लावतात. म्हणजे हे आयुष्य संपल्यावर दिलेलं चारित्र्याचं प्रमाणपत्र नाही. ही कामासाठीची निवड आहे.

पहिली कसोटी: लपवाछपवी आहे का?

प्राचीन काळच्या राजांचे शिलालेख विजयांनी भरलेले असतात, पराजय आणि पापं त्यात शोधून सापडत नाहीत. शमुवेलच्या पुस्तकात मात्र बथशेबाची हकीकत तपशिलाने आहे. राजा गच्चीवर कधी फिरत होता, उरीयाला दारू कशी पाजली, आणि त्याच्या मृत्यूचा हुकूम असलेलं पत्र त्याच्याच हाती यवाबाकडे कसं धाडलं, सगळं आहे. आणि ११वा अध्याय संपतो तो या नोंदीवर, की दाविदाने केलेलं हे काम परमेश्वराला वाईट वाटलं. ग्रंथाची भूमिका याहून स्पष्ट काय हवी?

त्याहून महत्त्वाची नोंद पहिल्या राजे पुस्तकाच्या १५व्या अध्यायात आहे. तिथे दाविदाची स्तुती चाललीय, की त्याने जन्मभर परमेश्वराच्या दृष्टीने योग्य ते केलं. आणि त्याच वाक्यात अपवाद जोडलाय: उरीया हित्तीचं प्रकरण सोडून. म्हणजे पसंतीच्या पावतीवरच थकबाकी लिहून ठेवलेली आहे. ताल्मुदमधलं ते घटस्फोटाचं स्पष्टीकरण आपण का स्वीकारत नाही, त्याचंही कारण हेच. ग्रंथ स्वतः दोष मान्य करतोय, तिथे आपण वकिली का करायची?

एक बाजू मात्र सांगितलीच पाहिजे. पहिल्या इतिहासाच्या २०व्या अध्यायात हीच राब्बाची लढाई येते, पण बथशेबाचा उल्लेख गाळलेला आहे. तिथे राजाची प्रतिमा जपली गेलीय असं म्हणायला जागा आहे. पण तेच पुस्तक दाविदाला मंदिर का बांधू दिलं नाही याचं कारण देतं, ते म्हणजे त्याने सांडलेलं पुष्कळ रक्त. आणि ज्यांनी हे ग्रंथ एकत्र केले त्यांनी इतिहासाबरोबर शमुवेलही ठेवलं. वाचकाच्या हाती दोन्ही आहेत.

दुसरी कसोटी: कारण काय?

परिपूर्ण माणसालाच पसंती द्यायची असं ठरवलं, तर कोणालाच देता येणार नाही. बायबलचं स्वतःचंच म्हणणं आहे की पाप न करणारा माणूस पृथ्वीवर नाही. जी फूटपट्टी लावल्यावर सगळेच शून्य निघतात, तिने माणसामाणसांतला फरक कळत नाही. मग दुसरी फूटपट्टी कोणती?

एक शक्यता तुलनेची: इतरांपेक्षा बरा तो पसंत. नोहा आपल्या पिढीत नीतिमान होता असं उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात आहे, आणि त्यावर यहुदी भाष्यकारांत गमतीदार वाद झाला. मध्ययुगीन भाष्यकार राशी दोन्ही मतं नोंदवतो. काही म्हणतात, इतक्या वाईट पिढीत तो चांगला राहिला, मग चांगल्या पिढीत किती मोठा झाला असता! काही म्हणतात, वाईटांत उठून दिसला, अब्राहामाच्या पिढीत त्याला कोणी विचारलंही नसतं. या वादातून तुलनेच्या फूटपट्टीतली खोट दिसते: शेजारी कोण यावर तुमची किंमत ठरते. लूकच्या १८व्या अध्यायातल्या दाखल्यात परुशी हीच फूटपट्टी वापरतो. तो जकातदाराकडे बघून आपली उंची मोजतो. आणि दाखल्यात नीतिमान ठरून घरी जातो तो मात्र जकातदार.

का? कारण इथे लावलेली फूटपट्टी तिसरीच आहे. माणूस कुठल्या पायरीवर उभा आहे यापेक्षा त्याचं तोंड कुठल्या दिशेला आहे, आणि स्वतःविषयीचं खरं समोर आल्यावर तो त्याला काय उत्तर देतो, हे तिथे मोजलं जातं.

अब्राहामाचं बघा. उत्पत्तीच्या १५व्या अध्यायात त्याने देवावर विश्वास ठेवला आणि तो नीतिमत्त्व म्हणून गणला गेला. हे कुठे येतं? मिसरात बायकोला बहीण म्हणून सांगितल्याची हकीकत १२व्या अध्यायात, आणि गराराचा राजा अबीमलेख याच्यासमोर तेच पुन्हा केल्याची हकीकत २०व्या अध्यायात. म्हणजे ही मान्यता दोन बनवाबनवींच्या मधोमध येते. ती मिळाल्यावर अब्राहाम निर्दोष झाला असा ग्रंथाचा दावा नाही. उलट २०व्या अध्यायात सरळ मनाने वागणारा निघतो तो परका राजा अबीमलेख. देवही ते मान्य करतो, आणि अब्राहामाला त्या राजाचे खडे बोल ऐकावे लागतात. आपल्या माणसाला झुकतं माप द्यायचं असतं तर ही गोष्ट अशी लिहिली असती का?

मग ‘विश्वास’ हे कारण संबंधित आहे का? समजा, डॉक्टरकडे दोन रोगी येतात. एकाची साखर खूप वाढलेली, पण तो सगळे रिपोर्ट समोर ठेवतो, औषध घेतो, चुकलं तर सांगतो आणि पुन्हा येतो. दुसऱ्याची साखर थोडीच वाढलेली, पण तो रिपोर्ट लपवतो आणि मला काही झालंच नाही म्हणतो. डॉक्टरने पहिल्याविषयी जास्त आशा ठेवली तर त्याला आपण अतार्किक म्हणणार का? आजच्या आकड्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, उपचाराशी माणसाचं नातं कसं आहे याला तिथे महत्त्व आहे. बायबलमधला विश्वास म्हणजे हे नातं.

आणि पसंती कशाची हेही ग्रंथ बहुतेक ठिकाणी नेमकं सांगतो. यरीहोतली राहाब वेश्या होती, आणि हेरांना वाचवताना ती राजाच्या माणसांशी खोटं बोलली. इब्री लोकांस पत्र आणि याकोबाचं पत्र तिचा गौरव करतात, पण कशाबद्दल? हेरांचा स्वीकार करण्याबद्दल, तिच्या विश्वासाबद्दल. खोट्याचं नावही नाही. निर्गमच्या पहिल्या अध्यायात शिप्रा आणि पुवा या सुइणी फारोला थाप मारून मुलगे वाचवतात. देवाने त्यांचं भलं केलं, आणि कारण दिलंय ते देवाचं भय बाळगण्याचं. इब्री पत्राच्या ११व्या अध्यायात तर शमशोन आणि इफ्ताह यांचीही नावं आहेत. इफ्ताहाने नवसापायी पोटच्या मुलीचा बळी दिला, ही शास्ते पुस्तकातली अंगावर काटा आणणारी गोष्ट. इब्री पत्रात त्या नवसाबद्दल एक शब्दही चांगला नाही. गौरव आहे तो विश्वासाचा.

तिसरी कसोटी: शौलाला एक न्याय, दाविदाला दुसरा?

इथे आक्षेप सगळ्यात जोरदार आहे. शौलाने काय केलं? शमुवेल वेळेवर आला नाही म्हणून स्वतः होमबली अर्पण केला, आणि अमालेक्यांच्या लढाईत राजा अगाग आणि चांगली जनावरं राखून ठेवली. त्याचं राज्य गेलं. दाविदाने व्यभिचार आणि खून केला. त्याचं राहिलं. हा कसला न्याय? (अमालेक्यांचा संपूर्ण नाश करण्याची आज्ञा हा स्वतःच मोठा नैतिक प्रश्न आहे. त्याला स्वतंत्र व्याख्यान लागेल, आज त्यात शिरत नाही.)

कृत्यांचा आकार बघितला तर निकाल उलटा वाटतो हे खरंच. पण दोघांना जाब विचारला गेला तेव्हा काय झालं ते बघा. पहिल्या शमुवेलच्या १५व्या अध्यायात शमुवेल दिसताच शौल आधी सांगतो, की आपण आज्ञा पाळली. मागून मेंढरांचा आवाज येतोय! मग म्हणतो, लोकांनी राखली, तीही यज्ञासाठी. पुन्हा तेच सांगतो. अगदी शेवटी पाप झाल्याचं मान्य करतो, पण लोकांची भीती वाटली हे कारण पुढे करून. आणि लगेच विनंती काय, तर वडीलधाऱ्यांसमोर माझा मान राखा.

दुसऱ्या शमुवेलच्या १२व्या अध्यायात नाथान दाविदाकडे येतो. श्रीमंताने गरिबाची एकुलती एक मेंढी कापली ही गोष्ट सांगतो, दावीद संतापून निकाल देतो, आणि तो माणूस तूच, असं नाथान तोंडावर सांगतो. ज्या राजाने नुकताच एक माणूस पत्राने संपवलाय, त्याला एक संदेष्टा संपवणं काय अवघड होतं? पण दाविदाचं उत्तर एवढंच, की आपण परमेश्वराविरुद्ध पाप केलं. मूळ इब्रीत ते दोन शब्द आहेत. सबब नाही, दुसऱ्याचं नाव नाही, मान राखण्याची विनंती नाही. ऑगस्टीननेही फाउस्टला उत्तर देताना हेच दाखवलं, की पापाच्या कबुलीचे शब्द दोघांच्याही तोंडी आहेत, पण मागचं मन निराळं.

म्हणजे ही दोन प्रकरणं सारखी नव्हती. ज्याला सत्य ऐकू येतं तो सुधारू शकतो, आणि ज्याला प्रतिमेपलीकडे काही दिसत नाही त्याच्या हाती राज्य देणं धोक्याचं. हा भेद मनमानी नाही.

आणि पसंती मिळाली म्हणजे ती कायमची, सरसकट, असंही नाही. दुसऱ्या राजे पुस्तकाच्या १०व्या अध्यायात अहाबाचं घराणं संपवल्याबद्दल येहूला शाबासकी आहे. होशेयच्या पहिल्याच अध्यायात मात्र इज्रेलमधल्या रक्तपाताबद्दल येहूच्याच घराण्याला शिक्षा जाहीर होते. कालची शाबासकी आजचं कवच होत नाही.

चौथी कसोटी: उरीयाचं काय?

आता खरी अवघड जागा. डॉक्टरचा दृष्टान्त इथे अपुरा पडतो. रोग्याने पथ्य मोडलं तर त्रास त्याचा त्यालाच. दाविदाने मात्र दुसऱ्याचा जीव घेतला, आणि बथशेबाला तर कोणी काही विचारलंच नाही. मेलेल्याच्या वतीने क्षमा कोण करणार?

ग्रंथ काय करतो ते नीट बघू. दाविदाला मरणाची शिक्षा होत नाही. पण तलवार त्याच्या घरातून हटणार नाही असं सांगितलं जातं, आणि पुढची पानं त्याने भरली आहेत. अम्नोन बहिणीवर, तामारवर, बलात्कार करतो, अबशालोम अम्नोनला मारतो, मग बापाविरुद्ध उठतो आणि स्वतः मारला जातो. क्षमा मिळाली म्हणून परिणाम पुसले गेले नाहीत. बथशेबाचं तान्हं मूल दगावतं, आणि हे बापाच्या पापामुळे असं ग्रंथ म्हणतो. त्या मुलाचा काय दोष, हा प्रश्न आज केलेल्या विवेचनाने सुटत नाही, आणि सुटला असं भासवणं बरं नव्हे.

दुसरी गोष्ट, उरीयाचं नाव. दाविदाच्या सदतीस शूर वीरांची यादी दुसऱ्या शमुवेलच्या २३व्या अध्यायात आहे, आणि तिच्यातलं शेवटचं नाव उरीया हित्ती. दाविदाच्या स्तुतीतला अपवाद म्हणून त्याचं नाव येतं हे आपण पाहिलंच. आणि कित्येक शतकांनी मत्तय येशूची वंशावळ लिहितो, तेव्हा शलमोनाच्या आईला तो बथशेबा म्हणत नाही, उरीयाची बायको म्हणतो. दाविदाचा सगळ्यात मोठा मान म्हणजे ती वंशावळ, आणि नेमकं तिथेच ज्याला त्याने मारवलं त्याचं नाव कोरलेलं आहे. क्षमा झाली, पण फाईल बंद करून माळ्यावर टाकली नाही.

हे आम्ही जोर देऊन का सांगतोय? कारण दाविदाची गोष्ट फार वेळा उलटी वापरली जाते. एखाद्या मंडळीत, संस्थेत, घरात अधिकाराच्या माणसाने कोणावर अन्याय केला, कोणी तोंड उघडलं, की सांगितलं जातं: दाविदालाही देवाने क्षमा केली, तू कोण न्याय करणार? सोसणाऱ्यालाच गप्प बसवायला ही गोष्ट कामी आणली जाते. पण गोष्टीत आधी कोण येतो? नाथान येतो. राजाला तोंडावर, नाव घेऊन सांगतो. कबुली त्यानंतर, क्षमा त्यानंतर, आणि परिणाम तरीही. जे नाथानाला दाराबाहेर ठेवतात आणि क्षमा तेवढी आत घेतात, ते शौलाची विनंती करत असतात: वडीलधाऱ्यांसमोर आमचा मान राखा.

आणि दावीद स्वतः पुढे काय करतो तेही झाकलेलं नाही. तामारवर अत्याचार झाल्यावर तो रागावतो, पण मुलाला काहीच शिक्षा करत नाही. दोन वर्षं मुलगी न्यायाविना राहते, आणि त्या पोकळीत अबशालोमचा सूड वाढतो. क्षमा मिळालेला बाप मुलीला न्याय देण्यात कमी पडला, हे ग्रंथाने लिहून ठेवलंय, आपल्याला दिसावं म्हणून.

मग निष्कर्ष काय?

देव आहे हे आज आपण सिद्ध केलेलं नाही, तो आजचा विषयही नव्हता. बायबलमधला प्रत्येक निवाडा न्याय्य ठरवणंही आपल्याला जमलेलं नाही. आपण एवढं पाहिलं, की दोषी माणसांना दिलेली ही पसंती लहरीपेक्षा वेगळी आहे. तिच्यात दोष उघडे ठेवलेले आहेत. तिला कारण आहे, आणि ते माणूस सत्याला काय उत्तर देतो याच्याशी बांधलेलं आहे. तिच्यात कृत्य, काम आणि माणूस यांचे हिशेब वेगळे आहेत. आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्याचं नाव तिने खोडलेलं नाही.

यातून दोन माणसांना दोन वेगळ्या गोष्टी ऐकू याव्यात असं आम्हाला वाटतं. ज्याला वाटतं की आपण इतके चुकलो, आता आपलं तोंड कोण बघणार, त्याने जकातदाराकडे बघावं. पायरी खालची असली तरी तोंड वळवता येतं. आणि ज्याला वाटतं की आपण देवाच्या पसंतीचे, आपल्याला कोण जाब विचारणार, त्याने मत्तयाची वंशावळ सावकाश वाचावी.

घरी गेल्यावर एक करा. पहिल्या शमुवेलचा १५वा आणि दुसऱ्या शमुवेलचा १२वा अध्याय शेजारी शेजारी ठेवून वाचा, आणि जाब विचारल्यावर शौल किती बोलतो आणि दावीद किती बोलतो तेवढं मोजा. आम्ही इतका वेळ जे सांगितलं, ते त्या मोजणीत आपोआप दिसेल. आज इथेच थांबू. प्रश्न असतील तर जरूर विचारा.